नावं कुठं ठेवायची

आसगावच्या रेणूने साकोलीत भाड्याच्या खोलीत बसून सिकलसेलच्या रुग्णांसाठी एक ॲप लिहिलं. रक्ताचा हा आजार आमच्या भागात बऱ्याच घरांत आहे आणि बहुतेक घरं तो लपवतात. ॲप एका लहानशा सेवासंस्थेसाठी होतं. तिचे प्रमुख भय्याजी, निवृत्त शिक्षक. गोळी कधी घ्यायची, दुखणं उठलं तर कुठे जायचं, हे रुग्णाला फोनवर कळावं, एवढीच त्यांची इच्छा.

रेणूच्या थोरल्या बहिणीला, अंजूला, हाच आजार. तिचं लग्न कोंढ्याला ठरलं होतं. मुलाला तिने स्वतः सगळं सांगितलं होतं आणि त्याची हरकत नव्हती. पण तपासणी शिबिरातल्या कोणीतरी निकालांचा फोटो काढून फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकला. गावभर झालं तसा मुलाच्या घरच्यांनी नकार कळवला. अंजू रडली नाही. धानाच्या रोवणीला गेली आणि संध्याकाळी सांधे धरून पडली.

म्हणून ॲपचा कोड, म्हणजे ॲप ज्यावर चालतं तो लिहिलेला मजकूर, इंटरनेटवरच्या कुठल्या प्लॅटफॉर्मवर ठेवायचा, हा प्रश्न रेणूला साधा वाटत नव्हता. समोर दोन होते. पहिला सोपा, संस्थेतल्या सगळ्यांच्या सवयीचा. दुसऱ्यात फोनवर आलेला आकडा टाकल्याशिवाय आतच जाता येत नसे. भय्याजींना पहिला हवा होता. उद्घाटनाची आमंत्रणं गेली होती.

रेणूने दोन्हीकडे मुद्दाम एक खोटी किल्ली ठेवून पाहिली. किल्ली म्हणजे अक्षरांची अशी ओळ, की ती हाती लागली तर रुग्णांची सगळी माहिती उघडते. घाईत ती कोडमध्ये राहून जाणं ही नेहमीची चूक. पहिल्याने ती मुकाट्याने ठेवून घेतली. दुसऱ्याने तिथेच अडवलं.

"मंग दुसराच चांगला ना?" भय्याजींनी विचारलं.

"पुरा नाही. संस्था सोडून गेलेल्याचं खातं आपण बंद नाही केलं, त् तो त्याच्यातही येऊ शकते. पण कोण आलं, काय पाहिलं, ते तिथं दिसते. पहिल्यात तेही दिसत नाही."

"उद्घाटन पुढं ढकलावं लागन. लोकांले काय सांगू?"

"अंजूचं काय झालं ते सांगा. फक्त नाव नका घेऊ."

भय्याजींनी उद्घाटन पुढं ढकललं. मग त्यांनी जुन्या कार्यकर्त्यांची खाती बंद करायला सांगितली. त्यात त्यांच्या पुतण्याचंही होतं.

काम दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर गेलं, ॲप सुरू झालं. रेणू घरी गेली तेव्हा अंजू तांदूळ निवडत होती.

"तुयं नाव टाकू का? गोळीची आठवण येत जाईन."

"मायं नको टाकू."

"काहून? मी सगळं तपासलं ना."

"तुयावर भरोसा आहे मले," अंजू तांदळातून नजर न काढता म्हणाली. "पण तू उद्या दुसरीकडं नोकरीले जाशील. मंग तिथं कोण बसन?"

साकोलीला परतून रेणूने ॲपचं काम पुन्हा उघडलं. ज्याला नाव द्यायचं नसेल, त्याची माहिती त्याच्याच फोनमध्ये राहील, कुठेही जाणार नाही, अशी सोय तिने केली. तिला त्यात बरेच दिवस गेले.

अंजू आता ते वापरते. नावाच्या जागी तिने काहीच लिहिलेलं नाही.