उपासाच्या वड्यातलं मीठ

"आई, जेवणाचा घाट नको, फक्त स्टार्टर ठेव," असं मुलगा म्हणाला आणि माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. स्टार्टर म्हणजे सुरुवात. मग पुढे काय? पुढे काहीच नाही म्हणे. त्याने पसंत केलेल्या मुलीचे आईवडील चिरगावहून पहिल्यांदाच झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या घरी येणार, आणि त्यांची नुसती भूक चाळवून पाठवायचं? ही कुठली रीत?

त्यात चैत्राचं नवरात्र, मुलीच्या आईला नऊ दिवस उपास. ते ऐकून मला उलट हायसं वाटलं. उपासाचं मला कोण शिकवणार! साबुदाण्याचे सुपारीएवढे वडे तळले, व्हिडिओत बघून प्रत्येकाला एकेक काडी टोचली, लहान वाट्यांत गोड दही ओतलं. बाकीच्यांसाठी पनीर आणि सिमला मिरची तव्यावर परतली. ती बाई आमच्या घरी खाऊन गेली तर सोयरीक जमली, न खाता उठली तर संपलं, असं मी मनाशी धरूनच बसले होते.

मुलीला घेऊन दोघं आले. तिच्या आईने वडा उचलला आणि तोंडाशी नेता नेता विचारलं, "बहनजी, नमक तो सेंधा ही है ना?"

मी भांबावले. शेंदेलोण घरात होतं, पण ते पोट बिघडलं की ताकात घालायला. उपासाला कांदा नाही, लसूण नाही, हळद नाही, हे मला तोंडपाठ. पण मीठ? आईकडे साधंच चालायचं, सासूबाईंकडेही चालायचं. अर्धं आयुष्य झाशीत गेलं, शेजारणींच्या उपासाला केळी नेऊन दिली, आणि त्या मीठ कुठलं खातात हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"नहीं जी, सादा है," मी म्हणाले.

तिने वडा हळूच बशीत ठेवला.

"अजी, नमक तो नमक होता है," आमचे हे मध्येच बोलले. मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते मुकाट्याने पनीर खाऊ लागले. मुलगा आणि ती मुलगी, दोघंही खाली मान घालून बसली होती. मला रडूच यायला लागलं.

मी स्वयंपाकघरात आले. मीठ न घातलेला थोडा साबुदाणा उरला होता. कढईत नवं तेल ओतलं, तोवर मुलीची आई मागोमाग आत आली. शेंदेलोणाची बरणी मागून घेतली, स्वतःच चिमूटभर टाकलं आणि माझ्या शेजारी उभी राहून वडे थापू लागली. मग बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बिटिया यहाँ आकर कौन-सा व्रत रखेगी? आपका, कि हमारा?"

मी माहेरी सोमवार करायचे. लग्नानंतर सासरचे गुरुवार धरले, आणि माझ्या सोमवारांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. माझ्या आईनेही नाही. इतक्या वर्षांत मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, आणि आता तेल तापलेलं असताना एकदम वाईट वाटलं.

"जो उसका मन करे," मी म्हणाले. "और मन न करे, तो न रखे."

तिने वडे तेलात सोडले, तळून झाऱ्यावर काढले. बोलणं आवडलं की खटकलं, काही कळेना. मग तिने झाऱ्यावरचा वडा उचलला, फुंकर घातली आणि उभ्या उभ्याच खाल्ला.

"एक और दीजिए," ती म्हणाली.