हिरव्या पुवाची बाटली

शबानाच्या टाक्यांमधून हिरवट पू आला तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं? तिच्या सासूला झापलं.

सिझेरियनचा पाचवा दिवस होता. आमचं बुलढाणा जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं छोटं खाजगी हॉस्पिटल. मी तिथली इन्चार्ज सिस्टर. ड्रेसिंग माझ्या हातचं, आणि स्वच्छतेबद्दल माझा दरारा होता. पट्टी सोडायला गेले तर शबानाच्या पोटावर जुन्या सुती ओढणीचा पट्टा घट्ट बांधलेला. बाळंतिणीचं पोट बांधायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. सासू हमीदाबी साखरखेर्ड्याहून तो पट्टा घेऊन आली होती. एरवी ड्रेसिंगच्या वेळी तो सोडलेला असायचा, म्हणून तोवर मला दिसला नव्हता.

"हे काय बांधलं? या घाणेरड्या फडक्यानंच पिकले टाके!"

"मी रोज उकळून, उन्हात वाळवून बांधून राह्यली, सिस्टर," ती हळूच म्हणाली.

"मला शिकवू नका. आजपासून आत यायचं नाही. बाळाला हात लावायचा नाही."

सगळ्या वॉर्डासमोर बोलले मी हे. हमीदाबी बाहेर गेली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली. घरातलं पहिलं नातवंड आत होतं. शबानाची आई आत, ही बाहेर. डबा आला की दारातूनच द्यायची, मान वाकवून आत बघायची. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट शिस्त लावल्याचं समाधान वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अमडापूरच्या एका गुरुजींची पट्टी सोडली. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, जखम तोवर चांगली होती. तिथेही तोच हिरवट पू, तोच गोडसर उग्र वास. गुरुजींचं पोट कोणी बांधलं नव्हतं. आणि गुरुजींच्या बायकोला मी एका शब्दानं काही विचारलं नाही. हमीदाबीचा बुरखा बघूनच माझं मत झालं होतं, दुसरं काय!

सरांनी दोन्ही जखमा बघितल्या. सर म्हणजे आमचे सर्जन, हॉस्पिटल त्यांचंच.

"सिस्टर, या दोघांत कॉमन काय आहे?"

"ऑपरेशन थिएटर, सर."

"थिएटरमधून आणखी चार पेशंट गेले, ते ठीक आहेत. या दोघांचंच ड्रेसिंग रोज दोन वेळा होते. ड्रेसिंग ट्रॉलीवरच्या सगळ्या वस्तूंचे स्वॅब पाठवू. मी येईपर्यंत कशालेच हात लावू नका."

स्वॅब म्हणजे काडीला लावलेला निर्जंतुक कापूस. तो जखमेवर किंवा वस्तूवर फिरवून लॅबला पाठवतात, तिथे जंतू वाढतात का ते बघतात. रिपोर्टला तीन दिवस लागतात.

ट्रॉलीवर माझी बाटली होती. गर्द तपकिरी काचेची, बुचाची. जखम पुसायचं अँटिसेप्टिक त्यात पाण्यात मिसळून ठेवलेलं असायचं. फरशी, टेबल यांना वापरतात ते डिसइन्फेक्टंट, माणसाच्या अंगाला चालतं ते अँटिसेप्टिक. दोन्हीही ठरलेल्या प्रमाणात मिसळली तरच काम करतात. माझी ती बाटली कधी रिकामी नसायची, याचा मला अभिमान होता. रोज सकाळी बघायचं, खाली गेली असली की वरून थोडं औषध, थोडं पाणी, हलवायचं, झालं. आमच्याकडे नळ कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून पाणी ड्रममधलं. पूर्ण ओतून, धुऊन, वाळवून नव्यानं कधी भरली होती? आठवेना. माझ्या आधीच्या सिस्टरही तसंच करायच्या, मीही तेच शिकले.

सर गेले. मी बाटली उचलली. बेसिन दोन पावलांवर होतं.

"सिस्टर," दारातून आमच्या आया कांताबाई म्हणाल्या, "सरनं हात लावू नका म्हटलं नं?"

मी बाटली जागेवर ठेवली. कांताबाई आल्या नसत्या तर मी ती ओतली असती. हे मी सरांनाही कधी सांगितलं नाही.

तीन दिवस हमीदाबी बाहेरच होती. मला शंका आली होती, तरी मी तिला आत बोलावलं नाही. रिपोर्ट येऊ दे, म्हटलं. खरं म्हणजे तिच्यासमोर उभं राहायची हिंमत होत नव्हती.

रिपोर्ट आला. शबानाच्या जखमेत, गुरुजींच्या जखमेत आणि माझ्या बाटलीत एकच जंतू, स्यूडोमोनास. पाण्यात राहणारा. अशक्त झालेल्या औषधात हा मरत नाही, मजेत वाढतो. म्हणजे रोज दोन वेळा, मन लावून, मीच त्यांच्या जखमेत जंतू चोळत होते. पोटाच्या पट्ट्याचाही स्वॅब सरांनी घेतला होता. त्यात काही निघालं नाही.

सरांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला. "औषध बदलतो. दोघंही बरे होतील. त्या बाईले तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मी सांगते, सर."

व्हरांड्यात माणसं होती. बरंच झालं, मी झापलं होतं तेही माणसांसमोरच.

"हमीदाबी, तुमच्या कपड्यानं काही झालं नाही. माझ्या औषधाच्या बाटलीत जंतू होते. चूक माझी. मला माफ करा."

मला वाटलं ती चिडेल. मी चिडले असते.

"म्हंजे माह्या कपड्यानं नाही झालं?"

"नाही."

"चार दिवसापासून मले झोप नाही, सिस्टर. मले वाटलं, मीच माह्या सुनेचं पोट पिकवलं." आणि तिथूनच तिनं आत हाक मारली, "शबाना! माह्या हातानं नाही झालं बेटा!"

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. कुठे बघावं तेच मला कळेना. मी दार उघडून धरलं. ती उंबऱ्याशी थांबली.

"हात धुऊ का आधी?"

तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. मग बाळाला घेतलं.

शबाना बारा दिवसांनी घरी गेली, गुरुजी त्याआधी दोन दिवस. आता आमच्याकडे बाटली छोटी असते. सकाळी उकळून गार केलेल्या पाण्यात औषध मोजून मिसळायचं, वर तारीख लिहायची, संध्याकाळी उरलेलं ओतून बाटली धुऊन पालथी घालायची. नवीन सिस्टर विचारतात, एवढं चांगलं औषध काऊन फेकता? मी त्यांना स्यूडोमोनास समजावून सांगते. हमीदाबीचं मात्र अजून कोणाला सांगितलं नव्हतं.