ग्लायडरच्या बॅटऱ्यांचे अण्णा

अण्णांचा मीटरवर विश्वास नव्हता. काटा बारा व्होल्टच्या पुढे गेला तरी म्हणायचे, "बसल्या जागी कुणीही बारा दाखवतं, मिस्त्री. ओझं द्या, मग बघू."

काळेवाडीत माझं बॅटरीचं दुकान आहे. शिक्षण चौथी, पण बॅटरीतलं मला कुणी शिकवावं असं वाटत नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही. अण्णा कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेले, राहायला पिंपळे गुरवला. पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला ग्लायडर उडवायचं मैदान आहे, तिथल्या बॅटऱ्या त्यांनी हौसेनं अंगावर घेतल्या होत्या. दर गुरुवारी स्कूटरच्या पुढ्यात विटेएवढ्या चार बॅटऱ्या घेऊन यायचे.

मी एकदा म्हटलं, "एवढ्याशा बॅटरीत एवढा जीव कशाला अडकवता?"

"ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. वर चार्जिंग कोण करणार, तुम्ही? रेडिओ हिच्यावर चालतो. हवा वर उचलतीय का खाली टाकतीय, ते सांगणारं यंत्र हिच्यावर. खालून न्याल तेवढंच."

मग चार्ज झालेल्या बॅटरीला ओझं म्हणून गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब लावून स्टुलावर बसायचे. दर पाव तासाला मीटर बघून वहीत आकडा. काटा अकराला आला की बल्ब काढून लगेच परत चार्जिंगला. "उपाशी ठेवली की आतून मरते." चांगली बॅटरी तीन तास घ्यायची. तेवढ्यात माझा चहा पिऊन त्याला नावंही ठेवून व्हायची.

एका गुरुवारी त्यांना ताप होता. बॅटऱ्या दुसऱ्याच्या हाती आल्या, मागून फोन. "बल्ब लावा आणि बसा." मी मीटर लावला, काटा बाराच्या वर होता, चारहींवर 'पास' लिहून दिलं. रविवारी एका ग्लायडरचा रेडिओ वरच बंद पडला. माणूस नीट उतरला, पण तोवर मैदानावर सगळे आभाळाकडे बघत उभे होते.

अण्णा ती बॅटरी घेऊन आले. बल्ब लावला. चाळीस मिनिटांत काटा अकराखाली.

"तुमचा बल्बच जास्त खातोय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याच फळीवरची तेवढीच नवी बॅटरी काढून तोच बल्ब लावला. तीन तास दोघं समोरासमोर बसलो. बल्ब तसाच जळत होता. शेवटी मीच म्हणालो, "पटत नसेल तर दुसरीकडे न्या."

"नेतो," म्हणाले, आणि गेले.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. फोन करावा असं रोज वाटायचं. केला नाही. स्वभाव.

दिवाळीच्या आधी अण्णा गेले. तेराव्यानंतर मैदानावरचे दोघं दुकानात आले, हातात त्या चार बॅटऱ्या. म्हणाले, "दवाखान्यात असताना अण्णांनी सांगितलं होतं, बॅटऱ्या काळेवाडीलाच द्या. एकदा चुकलेला माणूस आहे, आता चुकायचा नाही."

म्हणजे माझी चूक मैदानभर सांगून झाली होती. मला राग आला. डोळेही भरले, ते त्यांना दिसू दिले नाहीत.

"ठेवा तिथं," मी म्हटलं. "आज मिळायच्या नाहीत. एकेकीला तीन तास लागतात."