तीन सिम बदलले, तरी नेट रडतंच: पुणे ते भिलाई

गाडीतच घर घेऊन लांब निघणार असाल, तर डिझेल-पाण्याआधी नेटचं बघा. हे मी शहाणपणानं नाही, जळून सांगून राहिलो.

मी पुण्यात एका मालकाकडे कॅराव्हॅन चालवतो. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. दीड वर्ष मी त्या गाड्या फक्त धुतल्या. मग पहिली लांब फेरी मिळाली, ती पण माझ्याच गावची. एक निवृत्त काका तरुणपणी भिलाईला स्टील प्लांटच्या ऑफिसात होते, त्यांना आपलं जुनं क्वार्टर बघायचं होतं. सोबत काकू. त्या रोज संध्याकाळी सहाला दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतात आणि तास कधीच चुकवत नाहीत. त्यांची एकच अट, गाडीत नेट पाहिजे.

मालक म्हणाला, "दिन्या, काकूंची तक्रार आली तर तू परत पाइपवर. धुवायचा पाइप. समजलं?"

समजलं. आधीच्या एका गिऱ्हाइकानं राउटर उचलून नेला होता, म्हणून मी नवा राउटर सीटखाली पेटीत ठेवून कुलूप घातलं होतं. चार्जिंगची वायर जाईल एवढंच भोक. पेटी माझ्या बाबांनी बनवलेली. बाबा भिलाईतच खुर्सीपारला राहतात, प्लांटमध्ये ठेकेदाराकडे वेल्डर आहेत. मी घर सोडलं तेव्हा त्यांनी ती दिली, "चोराचा बाप आला तरी उघडत नाही" असं म्हणून. मालकाला इतकी आवडली की त्यानं तशाच चार बनवून बाकीच्या गाड्यांत बसवल्या.

पहिला दिवस. दुपारी बाराला निघालो, तरी वाघोली पार करता करता दोन वाजले. सहाला संभाजीनगरच्या अलीकडे एका धाब्यावर गाडी लावली. काकू वर्गसमीकरण सांगत होत्या आणि लॅपटॉपमधून मुलं ओरडत होती, "मॅडम, तुम्ही अडकलात!" शेवटी त्यांनी स्वतःच्या फोनचं नेट जोडलं, तेही साडेसहाला संपलं.

"अर्धा तास गेला, दिनेश," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात दुकान उघडायची वाट पाहून नवं सिम घेतलं. आधार, चेहऱ्याचा फोटो, चालू व्हायला दीड तास. दुकानदार म्हणाला, "दादा, नागपूर रोडला हेच चालतं." पेटी उघडली, सिम टाकलं, त्याच्यासमोरच व्हिडिओ लावला. पाण्यासारखा पळाला. कुलूप लावून समृद्धीला लागलो, तर जालन्याच्या आतच नेट मेलं. मला वाटलं, पाच मिनिटं पळवायचं, पैसे घ्यायचे आणि झोपायचं, असाच यांचा धंदा.

समृद्धीवर जाणार असाल तर डबा सोबत घ्या. टाकी भरून घ्या. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. रस्ता इतका सरळ की ड्रायव्हरलाच झोप येते. काही पट्ट्यात तर कोणत्याच फोनला रेंज नाही. नागपूरच्या अलीकडे सहाला थांबलो. काकूंनी पंचवीस मिनिटं "हॅलो, ऐकू येतंय?" केलं आणि लॅपटॉप मिटला.

काका म्हणाले, "आमचा ट्रंक कॉल याच्याआधी लागायचा."

काकू हसल्या नाहीत. "उद्याही असंच झालं तर मी तुमच्या मालकांशी बोलेन."

तिसरा दिवस. नागपुरात तर्री पोहे खाल्ले. काकांनी दोनदा तर्री मागून डोळे पुसले. तिथंच तिसरं सिम. पुन्हा तेच, दुकानात पळालं आणि कुलूप लावल्यावर मेलं. साकोली, देवरी, राजनांदगाव, सगळा रस्ता मी शिव्याच घालत होतो. माझं गाव जवळ येऊन राहिलं आणि मला फक्त पाइप दिसत होता.

साडेपाचला खुर्सीपार. गल्लीत गाडी शिरत नाही, मोठ्या रस्त्यालाच लावली. आई चहा घेऊन आली, मागून बाबा. मी आणखी एक सिम आणायला निघालो होतो.

"कुठं चालला?" बाबा.

"नेट नाही चालत. तीन सिम झाले, तिन्ही चोर."

"मशीन कुठं हाय?"

"तुमच्या पेटीत."

बाबांनी झाकणावर बोटानं टकटक केलं. "अन् सिम टाकल्यावर चालते?"

"चालते ना. मग कुलूप लावलं की..."

मी हातातल्या किल्लीकडे बघितलं.

"आमी प्लांटच्या शॉपमध्ये घरी फोन लावाले शेडच्या बाहेर कावून येतो रे?"

"आत रेंज नाही येत म्हणून."

"चारी बाजूनं लोखंड. मग?"

आई म्हणाली, "लोखंडाच्या गावचा पोट्टा, अन् हे नाही समजलं!"

पेटी उघडली. राउटर काचेजवळ ठेवला. सहा वाजता काकूंच्या लॅपटॉपमध्ये बावीस मुलं दिसली, एकही अडकलं नाही. बाबा गाडीच्या पायरीवर बसून पूर्ण तासभर वर्गसमीकरणं ऐकत होते. मध्येच रिकाम्या पेटीकडे बघून हळूच म्हणाले, "काम मात्र पक्कं झालं होतं."

मी बाहेर जाऊन मालकाला फोन केला. लपवता आलं असतं, पण बाकीच्या गाड्या डोळ्यांसमोर आल्या. सगळं सांगितलं.

मालक म्हणाला, "दिन्या, चारही गाड्यांच्या तक्रारी आहेत. महिनाभर मी कंपन्यांना शिव्या देतोय."

"मी पण, मालक."

"आल्यावर पाइपला हात लावू नको. पाना घे आणि आधी ती चार झाकणं काढ."

दुसऱ्या दिवशी काकांना क्वार्टर दाखवलं. तिथं आता दुसरं कुटुंब राहतं, पण त्यांनी आत बोलावून पेरू दिले. काकांनी एक खिशात ठेवला, पुण्यापर्यंत खाल्ला नाही.

तर सिम कोणतं घ्यावं? परतीत तिन्ही चालले. मी चोर म्हणत होतो, ते तिघंही साव निघाले. तुमच्या रस्त्यावर चालतात अशी दोन घ्या आणि राउटर काचेजवळ ठेवा. चोराची भीती असेल तर साखळीनं बांधा.

पुण्यात झाकणं काढून झाली, बाबांची पेटी मी खोलीवर आणली. परवा त्यांचा फोन आला, "फेकली काय रे ते?"

"नाही. आईनं वाळवून दिलेल्या कोहळ्याच्या रखिया बड्या ठेवल्या तिच्यात."

"उंदीर?"

"उंदरालेबी रेंज नाही भेटत, बाबा."

बाबा किती तरी वेळ हसत होते, आणि आवाज एकदाही तुटला नाही.