दादाचं वाक्य पुरं होऊ द्या

मंगळवारी दुपारी झाशीच्या उन्हात दादाला ऑटोत घालून हॉस्पिटल गाठलं, आणि पुढच्या तासाभरात माझा जीव अक्षरशः टांगणीला लागला. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे... हातपाय आखडतात, बोलणं संथ, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं. डोकं मात्र माझ्यापेक्षा दसपट तल्लख. रेल्वे कॉलनीतल्या मुलांना गणित शिकवतो आणि त्या पोरांना त्याचं सगळं कळतं!

सकाळपासून त्याचं पोट दुखत होतं. दुपारी उलट्या सुरू झाल्या, अंगात ताप. दादा कधी कण्हत नाही हो, तो कण्हायला लागला तेव्हाच माझं धाबं दणाणलं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर आले. दादाकडे एक नजर, आणि प्रश्न सगळे मला. "ऐसे बच्चों में गैस की दिक्कत रहती है, दीदी." बच्चा? अहो, चाळिशी उलटलीय त्याची! पण भांडणात वेळ जाणार होता, म्हणून मी नुसतं उलट्यांचं आणि तापाचं सांगितलं.

मग त्यांनी काही न सांगता पोटावर हात ठेवला. झालं... अचानक कुणी हात लावला की दादाचं सगळं अंग ताठ होतं, हात उडतात. पोट लाकडासारखं कडक, दुखतंय नेमकं कुठे ते कसं कळणार? सोनोग्राफीतही तेच. मग कुणीतरी हात बांधायचं म्हणालं, कुणी गुंगीचं इंजेक्शन.

तेवढ्यात दादाने तोंड उघडलं. "आप..."

आता आमच्या घरचा एक दंडक सांगते. आईने घालून दिलाय, दादाचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं करायचं नाही. भाजीवाल्यासमोर नाही, पाहुण्यांसमोर नाही, आणि घाई असली तरी नाही.

त्याला काय म्हणायचंय ते मला पुरतं ठाऊक होतं. जिभेच्या टोकावर होतं माझ्या! पण दादाने माझ्याकडे असं बघितलं ना... तशा दुखण्यातही डोळे वटारले त्याने. एकीकडे तो घामाने निथळतोय, दुसरीकडे सिस्टर सुई भरतेय. देवा, काय करू?

मी बोलले, पण त्याच्या वतीने नाही. "डॉक्टर साहब, ये आपसे कुछ कह रहे हैं. मुझे नहीं, इन्हें देखिए. पूरा सुनिए." आवाज चांगलाच चढला होता माझा. सिस्टर थांबली, डॉक्टरही थांबले.

"पहले... बताइए... फिर... हाथ... लगाइए."

बस. एवढंच होतं.

डॉक्टरांचा चेहरा जरा उतरला. स्टूल ओढून ते दादाच्या शेजारी बसले. "भैया, अब पेट पर हाथ रख रहा हूँ. ठीक?" दादाने मान हलवली. हळूहळू पोट सैल पडलं, आणि उजव्या बाजूला खाली बोट टेकताच दादा असा ओरडला की मला रडूच फुटलं.

अपेंडिक्स होतं. फुटायच्या बेतात. संध्याकाळी ऑपरेशन झालं, त्याआधी डॉक्टरांनी सगळं दादालाच समजावलं आणि 'हाँ' त्याच्याच तोंडून घेतलं.

आता तो बरा आहे, चहा मागतोय. त्या डॉक्टरांचे आभार मानावे तेवढे थोडे. चुकले, पण हात मागे घेऊन ऐकलं त्यांनी... तेवढंही किती जण करतात?

आणि तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगते, असा माणूस समोर आला तर बरोबरच्याला विचारू नका, त्याला विचारा. दादाचं ते वाक्य संपायला एक मिनिटही लागलं नसेल. ते मिनिट मिळालं नसतं तर गुंगीत नेमकं कुठे दुखतंय ते कळलंच नसतं, मंगळवारी गॅसची गोळी देऊन त्याला घरी पाठवलं असतं, आणि मीही मुकाट्याने घेऊन आले असते.