अक्कांना कादंबरी चढत नसे

ऐका हो ऐका. एक गंभीर बाब आज जाहीर करणं भाग आहे. सोलापुरात, गिरणीमागच्या आमच्या चाळीत, एक बाई अशी होऊन गेली की जिला कादंबरी चढत नसे. भांग पुरुषांना चढते आणि कादंबरी बायकांना, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं. अक्का हा त्या मताला एकुलता एक अपवाद.

अक्का खानावळ चालवायच्या. गिरणीतले एकटे राहणारे कामगार त्यांच्याकडे भाकरी, आमटी आणि शेंगांची चटणी खायचे. त्यामुळे अक्कांच्या पुढ्यात शेंगांनी भरलेलं सूप कायमचं. नवरा दुसरी बाई घेऊन हुबळीकडे निघून गेला, त्या दिवशीही त्या शेंगाच फोडत बसल्या होत्या, असं चाळ सांगायची. चेहरा धुऊन ठेवलेल्या पाट्यासारखा. काल त्यावर काय वाटलं होतं, पत्ता लागायचा नाही.

ही सोलापुरात तीस साली लागलेल्या मार्शल लॉच्या आधीची गोष्ट. मी नवी सून, चाळीत सर्वांत जास्त शिकलेली, म्हणजे सातवी पास. सासूबाईंची आज्ञा होती की वाचायचं तर पोथी, नाहीतर काही नाही. मी एक जाडजूड कादंबरी पैदा केली, लाल फडक्यात गुंडाळली, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि दुपारी सुरात वाचायला लागले. बायका अक्षता वाहून समोर बसल्या. कादंबरीत होतं काय? नवऱ्यानं टाकलेली, भाजून चेहरा गेलेली एक बायको त्याच्याच घरी स्वयंपाकीण म्हणून परत येते. कुणी तिला ओळखत नाही. मग ती एकेकाला उरकत जाते.

सासूबाई दर अध्यायाला विचारायच्या, "यात देव कधी यायचा गं?"

"येईल की पुढं," मी म्हणायची.

कादंबरीतली सासू विहिरीत गेली त्या दुपारी सासूबाईंनी उठून पोथीवर फडकं टाकलं. पण पोथी अर्धी सोडली तर घराला बाधतं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं त्यांनीच पाट मांडला. फक्त त्या दिवसापासून माझ्यापासून जरा लांब बसू लागल्या.

शेजारच्या नरसव्वाच्या घरी माग होता. ती तेलुगूत रडायची आणि मराठीत शिव्या द्यायची. पोथीतला दीर जळाला तेव्हा तिनं अंगणात साखर वाटली. सवतीला वेड लागलं तेव्हा सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. अक्कांच्या शेंगा मात्र टक्, टक्, टक्.

"अक्का, काय तरी बोल की. दगड हाय का तू?" नरसव्वा वैतागली.

"शेंगा वल्या हायत," अक्का म्हणाल्या.

आणि शेवटचा अध्याय तेवढा राहिला असताना, एका सकाळी, अक्कांचे पतिराज हजर झाले. हाडांचा सापळा, हातात गाठोडं, छातीत खोकला. खानावळीच्या पायरीवर येऊन बसले आणि मान वर करेनात. सगळी चाळ दारात.

अक्कांनी पाहिलं. "हातपाय धुवा," म्हणाल्या. "आमटी गरम हाय."

"देवानंच धाडला की गं," नरसव्वा त्यांच्या मागं लागली. "आता पोथीतल्या बाईवाणी कर."

सासूबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "आला म्हणायचा देव."

ही पोथी काय आहे ते त्या गृहस्थांनाही कुणीतरी अगत्यानं सांगितलं. झालं. ताटावर बसले की शेजारच्या कामगाराला म्हणायचे, "आदी तुमी घ्या की." त्यानं दोन घास गिळले आणि तो जिवंत राहिला, की मग हे भाकरी मोडायचे. अक्कांना ते दिसत होतं. भाकरी थापायचा हात थांबत नव्हता.

समाप्तीचा प्रसाद अक्कांकडे होता, गव्हाची हुग्गी. भरपूर गूळ घातलेली, मोठ्या पातेल्यात रटरटलेली. मी शेवटचा अध्याय वाचला. त्यात ती बाई नवऱ्याला आपल्या हातानं गोड भरवते आणि तो थंड होईपर्यंत शेजारी बसून राहते. बस्स. पुढं पानच नव्हतं. देव आला नाही. मी फडकं बांधलं. कुणी रडलं नाही, नरसव्वाही नाही. आम्ही सगळ्या नुसत्या बसून होतो, अंगातून कुणीतरी काहीतरी काढून नेल्यासारख्या. शेंगांचा आवाज बंद आहे हे तेव्हा मला कळलं.

अक्का उठल्या. पहिली वाटी त्यांनी नवऱ्यापुढं ठेवली.

समाप्तीचा प्रसाद नाकारता येत नाही. त्यानं वाटीकडं पाहिलं. आमच्याकडं पाहिलं. त्याच्या आधी खायला कुणाच्याच हातात वाटी नव्हती, आणि आधी मला द्या म्हणणारंही कुणी नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि खाल्लं. शेवटपर्यंत खाल्लं. डोळे उघडून, आपण आहोत याची खात्री करून, रिकामी वाटी पुढं केली.

पुढं दोन वर्षांनी तो गेला, खोकल्यानंच. तोवर अक्कांनी त्याला न्हाऊमाखू घातलं. माया होती म्हणावं तर कधी दिसली नाही, राग म्हणावा तर तोही नाही. नंतर अक्काही गेल्या. मी आजवर सुडाच्या पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या, चवीनं वाचल्या, पण शेवटचं पान उलटताना दर वेळी ती दुपार आडवी येते. रिकामी वाटी पुढं आलेली, अक्कांच्या हातात हुग्गीचा डाव, आणि नजर नवऱ्याकडं नाही, माझ्याकडं. पोथीबद्दल तोवर अवाक्षर न काढलेल्या अक्का एकदम बोलून गेल्या,

"अगं, समदी मेल्यावर, दुसऱ्या दिशी तिनं सैपाक कुणासाठी केला?"