एक थेंबही न सांडता

गाडीच्या पोटातून काळीभोर, तलम धार सुटलेली आहे... कडुनिंबाच्या पानांतून गळणारं सकाळचं कोवळं ऊन तिच्यावर पडलं, की तिची कड क्षणभर मधासारखी तांबूस होते. आणि खाली ठेवलेल्या लोखंडी घमेल्यात ती उतरते ती इतकी निःशब्द, की उतरते आहे की जागच्या जागी उभी आहे, हे कळू नये. मी पोतं अंथरून पोटावर पालथी पडलेली, हनुवटीखाली दोन्ही तळवे घेतलेले. आणि गाडीच्या पलीकडून, दोन चाकांच्या मधून, बाबांचा चेहरा मला आडवा दिसतो आहे. ते धारेकडे पाहत नाहीत. ते जमिनीकडे पाहत आहेत.

आम्ही नालवाडीला राहायचो. बाबा वर्ध्याच्या एका शाळेत प्रयोगशाळेचे परिचर होते. आम्लाच्या जाड काचेच्या बरण्या, मोजपात्रं, परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे हे सारं त्यांच्या हाताखालून जायचं. पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून एक चंचुपात्र फुटलं होतं, आणि त्याचंही त्यांना वर्षभर वाईट वाटत होतं म्हणे. संध्याकाळी घरी आले, की त्यांच्या सदऱ्याला गंधकाचा, स्पिरिटचा आणि धुतलेल्या काचेचा एक थंडसर वास यायचा. काचेला वास नसतो, हे मला पुढं कळलं; पण बाबांच्या अंगाला तो होता.

त्यांच्या शाळेचे हेडमास्तर निवृत्त होऊन मुलाकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा त्यांनी आपली जुनी पांढरी गाडी बाबांच्या हवाली केली. “तुमच्या हातात टिकेल,” एवढंच ते म्हणाले होते. आमच्या वस्तीतली ती पहिली गाडी. ती फारशी कुठं जायची नाही. कधी केळझरला आत्याकडे, दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर, नाहीतर शेजारच्या कुणाला दवाखान्यात. पण तिच्या इंजिनातलं तेल बाबा स्वतः बदलायचे, आमच्या अंगणात, वर्षातून दोनदा, आणि तो दिवस आमच्या घरी सणासारखा ठरलेला असायचा.

अंगण आईचं होतं. पहाटे सडा पडलेलं, शेणानं सारवलेलं, कोपऱ्यात गुलबक्षीची रांग आणि एका कडेला दगडी काठाची विहीर, जिचं पाणी चार घरं प्यायची. “तेल सांडलं त माह्या अंगनात गवताची काडी उगवनार नाई,” आई दरवेळी बजावायची. बाबांना तिची नव्हे, विहिरीची भीती अधिक वाटायची. मातीत मुरलेलं तेल परत निघत नाही. ते खालीखाली जातं आणि कधीतरी पाण्याला गाठतं. हे ते मला इतक्या गंभीरपणे सांगायचे, की मला ते तेल एखाद्या काळ्या सापासारखं मातीखालून सरपटताना दिसायचं.

म्हणून मग ती तयारी... पुढची चाकं जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, मागच्या चाकांना दगड लावायचे. खाली आधी गोणपाट, त्यावर खोक्याचे उघडलेले पुठ्ठे, त्यावर रद्दीचे पेपर, आणि मधोमध घमेलं. भोवती लाकडाच्या भुशाचं कडं, जणू पंगतीच्या ताटाभोवती काढलेली रांगोळी. मग पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं.

“काऊन बाबा? बंदच राहू द्या ना.”

“थंड तेल घट्ट राह्यते, थांबत थांबत येते अन् कुठंबी उडते. लई गरम असलं त हात भाजते. कोमट पायजे, आंघोळीच्या पान्यासारखं.”

वरचं झाकण ते आधी सैल करायचे, म्हणजे धार धक्के न देता एकसारखी येते. मग खालचा बोल्ट पान्यानं ढिला करून शेवटचे आटे बोटांनी सोडवायचे, तेही बोल्ट वर दाबून धरत. आणि अखेरचा आटा सुटताच हात असा चटकन बाजूला घ्यायचे, की तेल बोटांना शिवायचंसुद्धा नाही. धार सुरुवातीला लांब, तिरपी पडते. जोर ओसरला, की जवळ सरकते. तसं घमेलंही तसूतसूनं सरकवावं लागतं. तेलाची गाळणी काढताना ते तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवत आणि पिशवीतच ती फिरवून काढत, आतलं तेल आतच. शेवटी जुनं तेल नरसाळ्यातून डब्यात. तेही काचेच्या कांडीला टेकवून, शाळेत आम्ल ओततात तसं. मग तो डबा सायकलला बांधून नागपूर रोडवरच्या गॅरेजात, जिथं असं जुनं तेल घेऊन जाणारा माणूस यायचा. सारं आवरलं, की बाबा गोणपाट उचलत, गुडघ्यावर बसत आणि खालच्या सारवणावरून कोरडा तळहात फिरवून आईला दाखवत. आई तळहात पाहून आत वळायची. त्या दिवशी चहा आल्याचा व्हायचा.

मी आठ वर्षांची असताना ते एकदा बिघडलं, आणि ते माझ्यामुळं. धार जवळ येऊ लागली होती. “मी सरकवते बाबा,” म्हणून, ते नको म्हणायच्या आत, मी घमेल्याची कड धरून ओढली. घमेलं पुठ्ठ्याच्या घडीला अडलं आणि एका बाजूला कलंडलं. कोमट, काळं, जड तेल पेपरांवरून, भुशावरून, सारवलेल्या अंगणावर ओघळलं. भीमजयंतीला घेतलेल्या माझ्या नव्या पांढऱ्या फ्रॉकवर चढलं. आणि उतार विहिरीकडे होता. मी रडायचंही विसरले. नुसती त्या ओघळाकडे पाहत राहिले...

बाबा गाडीखालून सरपटत बाहेर आले. त्यांनी तेलाकडे पाहिलं नाही. माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

“लागलं त नाई ना तुले? भाजलं का कुठं?”

मी मान हलवली. मग ते उठले, पोत्यातला सगळा भुसा त्यांनी ओघळाच्या पुढ्यात ओतला, आणि विळ्यानं हातभर माती खरवडून पोत्यात भरली. आवाज ऐकून आई बाहेर आली. तिनं अंगण पाहिलं, माझा फ्रॉक पाहिला, आणि तिचा हात माझ्याकडे वळलाच होता.

“तिले काऊन मारतं?” बाबा मातीतून मान वर न करता म्हणाले. “माह्या पायाचा धक्का लागला घमेल्याले.”

आई त्या दिवशी बाबांशी बोलली नाही. बाबांनी ते मुकाट सोसलं, आणि संध्याकाळी मला जवळ घेऊन फक्त म्हणाले, “घाई केली त सांडते, सुजाता. आनखी काई नाई.”

पुढं मी शिकले, बँकेत लागले, लग्न होऊन पुण्याला गेले. माझ्या जिभेवरचं ‘मले-तुले’ हळूहळू विरलं. फोनवर बाबा ‘कशी हायेस’ विचारायचे आणि मी ‘छान आहे’ म्हणायचे. ते निवृत्त झाले. विहीर बुजली, नळ आले. गाडी मात्र होती. आणि कधीतरी, नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आई सांगायची, चहा बशीत सांडतो म्हणून. “वयोमानानं होतं गं,” मी म्हणायचे. पुण्याहून ते फार मोठं वाटत नव्हतं.

या वर्षी मार्च सरताना त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. मी हौसेनं समारंभ ठरवला. दोन महिने आधीच अंगणात फिक्या रंगाच्या फरश्या घालून घेतल्या होत्या. आदल्या दिवशी सकाळी मंडपवाला पांढऱ्या अभ्र्यांच्या खुर्च्या मांडत होता आणि मी आत पाहुण्यांची यादी चाळत होते. लोखंड आपटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तो बाबा गाडीशी गुडघ्यावर बसलेले. केळझरहून येणाऱ्या आत्याला आणायला गाडी नीट असावी, म्हणून त्यांनी कुणालाही न सांगता तेल बदलायला घेतलं होतं.

सगळं जसंच्या तसं होतं... गोणपाट, पुठ्ठे, पेपर, भुशाचं कडं. तेल नीट काढून झालं होतं. पण ते डब्यात ओतण्यासाठी भरलेलं घमेलं उचलताना त्यांच्या हातांनी दगा दिला. फिक्या फरशीवर काळं तेल पसरत थेट खुर्च्यांपर्यंत गेलं होतं. मंडपवाला हातातली खुर्ची तशीच धरून पाहत होता.

“काय केलंत हे बाबा!” मी ओरडले. “कितीदा सांगितलं, गावात मेकॅनिक आहेत म्हणून? हात बघा तुमचे! चहाचा कप धरता येत नाही, आणि निघाले तेल बदलायला!”

बाबांनी वर पाहिलं. मग, मी सांगितलं होतं म्हणून की काय, त्यांनी खरोखर आपले हात समोर धरून पाहिले. कोपरापर्यंत काळे आणि झाडाच्या पानासारखे हलणारे.

“हो बाई,” ते म्हणाले. “आता नाई जमत.”

ते भुशाच्या पोत्याकडे वळले, तर मी ते पोतं त्यांच्या हातातून काढून घेतलं. “राहू द्या. आत जा तुम्ही.” आणि ते गेले. न्हाणीतल्या नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला... ते हात धूत होते. मी त्यांना विचारलं नाही, कुठं लागलं का. 

दुसऱ्या दिवशी समारंभ उत्तम झाला. सगळे तसंच म्हणाले. त्या दिवशीचे फोटो माझ्याकडे आहेत. एकाही फोटोत बाबांचे हात दिसत नाहीत. सत्काराची शाल त्यांनी पुढून गच्च धरून ठेवली होती, उन्हाळा असूनही. मी निघाले, तेव्हा ते फाटकापर्यंत आले. डाव्या हातानं उजवं मनगट धरून उभे राहिले. “पोचली का फोन करजो,” म्हणाले. मी केला. दीड मिनिट बोललो.

जुलैमध्ये, दुपारी जेवून आरामखुर्चीत डोळा लागला असताना, बाबा गेले. झोपेतच. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला, पाहुणे पांगले, आणि घरात आम्ही दोघीच उरलो. मागच्या पडवीत आई तांदूळ निवडत होती. मी बाबांचे कपडे घडी करत होते. आई सहज बोलावं तसं बोलली.

“इथंच बसत ते. तू गेल्यावर. रोज दुपारी भाताच्या गंजात पानी घेत, अन् बाटलीत ओतत बसत.”

“काऊन?” मी विचारलं. कितीतरी वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून आला.

“म्याबी तेच इचारलं. काय खेळ लावला अजी? त म्हने, सराव करून राह्यलो. सुजाता दसऱ्याले येईन, तवा तिच्यासमोर तेल बदलून दाखवतो, एक थेंब सांडनार नाई. रोज सांडे. पडवी ओली होये, मंग सोताच पुसत. म्या पुसू देलं नाई त रागावत.” आईनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. “बुद्धपौर्निमेच्या दिवशी मातर नाई सांडलं. पुरा गंज ओतला. खाली हात फिरवून पाह्यला, कोरडं. मले हाका मारमारून बलावलं. लहान लेकरावानी हासत होते पाह्य... म्या म्हनलं, लावा पोरीले फोन, सांगा तिले. फोन घेतलाबी हातात. मंग ठेवून देला. म्हने, नको, कामात असन ती.”

बुद्धपौर्णिमेला बँकेला सुट्टी असते. मी घरी होते. खीर केली होती, दुपारी झोपले होते, फोन उशाशीच होता. संध्याकाळी बाबांना फोन करू, असं दिवसभर म्हणत राहिले, आणि ते राहूनच गेलं.

आईनं ताटातून मान वर केली. “होती ना वो तू कामात त्या दिवशी?”

“हो आई,” मी म्हटलं. “लई काम होतं.”